ही तीच बंदूक आहे का?

विंचेस्टर मॉडेल १२ ही जुनी पंप-ॲक्शन शॉटगन मधोमध सुटी होते. नळी आणि तिच्याखालची काडतुसांची नळकांडी एका हातात येते, दस्ता आणि रिसीव्हर दुसऱ्या हातात राहतो. रिसीव्हर म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधला पोलादी सांगाडा. सगळी यंत्रणा त्याच्या पोटात असते. जोडाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, कारखान्याने एकच क्रमांक ठोकलेला असतो. जाणकाराच्या हाती अशी बंदूक आली की तो आधी ती सुटी करून दोन्ही क्रमांक ताडून पाहतो. जुळले तर पुढची तपासणी सुरू होते. जुळले नाहीत तर वेगळाच पेच पडतो. समोर आहे ती एक बंदूक, की दोन बंदुकांची अर्धी-अर्धी शरीरे? तिचे वय कोणत्या अर्ध्यावरून सांगायचे?

हा पेच अमेरिकेतल्या संग्राहकांपुढे रोज येतो, पण मुळात तो फार जुना आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे बौद्ध परंपरेतला मिलिंद, रथात बसून आला तेव्हा भिक्खू नागसेनाने त्याला रथाविषयी हेच विचारले. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सगळे भाग वेगळे केल्यावर उरते ते काय? प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सचे लोक एकेक करून बदलत गेले आणि तत्त्वज्ञ वाद घालत राहिले की जहाज तेच राहिले की नाही. नैयायिक आणि बौद्ध यांनी तर अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि भागांनी बनलेली वस्तू, या प्रश्नावर कित्येक शतके ग्रंथ लिहिले.

बंदुकीने या प्रश्नाला एक नवी धार आणली. थिसियसचे जहाज एकमेव होते. मॉडेल १२ मात्र सुमारे २० लाख बनल्या.

पंप-ॲक्शन शॉटगनचा पहिला यशस्वी नमुना क्रिस्टोफर स्पेन्सर आणि सिल्व्हेस्टर रोपर यांचा. त्याचे पेटंट १८८२ चे. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की वापरलेले काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत बसते. जॉन ब्राउनिंग यांनी विंचेस्टरसाठी १८९३ चे मॉडेल रचले ते काळ्या दारूच्या काडतुसांसाठी. बिनधुराची दारू आली, तिचा दाब जास्त, म्हणून मजबूत केलेले मॉडेल १८९७ बाजारात आले. बाहेर दिसणारा घोडा असलेली ही बंदूक १९५७ पर्यंत बनत राहिली आणि तिची संख्या १० लाखांच्या वर गेली. टी. सी. जॉन्सन यांनी घोडा आत दडवून १९१२ चे मॉडेल रचले. तेच १९१९ पासून मॉडेल १२ म्हणून ओळखले जाऊ लागले. रेमिंग्टनचे १९५० मधले मॉडेल ८७० तर १ कोटीच्याही पुढे गेले. इतक्या जुळ्या भावंडांच्या गर्दीत एकीची नळी दुसरीला बसू शकते, दस्ता तिसरीचा लागू शकतो. 'ही तीच' असे म्हणताना नेमके काय ओळखायचे, हा प्रश्न म्हणून इथे फार अवघड होतो.

वैशेषिक दर्शनाचे नावच 'विशेष' या पदार्थावरून पडले. सगळे गुण सारखे असलेले दोन परमाणू वेगळे कशामुळे, या प्रश्नाला कणादाच्या परंपरेने दिलेले उत्तर म्हणजे विशेष. प्रत्येक नित्य द्रव्यात असलेला, दुसऱ्या कशातही नसलेला वेगळेपणा. घट-पटांसारख्या बनलेल्या वस्तूंना मात्र या परंपरेने विशेष दिला नाही. त्या आपल्या अवयवांमुळेच एकमेकींपासून वेगळ्या ठरतात, असे तिचे म्हणणे. अवयवच जिथे अदलाबदलीचे झाले, तिथे कारखान्याला तो वेगळेपणा बाहेरून आणावा लागला. पोलादावर ठोकलेला क्रमांक हा माणसाने बनवलेला विशेष आहे.

पण हा विशेष वाचणे सोपे नाही. मॉडेल १८९७ चे क्रमांक एकपासून सुरू होत नाहीत. १८९३ ची मालिका ३४ हजारांच्या आसपास थांबली आणि नव्या मॉडेलने तिथून पुढे मोजायला सुरुवात केली. त्यामुळे ४० हजार हा क्रमांक पाहून ही मॉडेल १८९७ ची चाळीस हजारावी बंदूक, असे म्हणणारा फसतो. क्रमांकाच्या वर पुष्कळदा ए, बी, सी, डी किंवा ई असे अक्षर असते. ते वर्ष सांगत नाही, रचनेतल्या सुधारणेचा टप्पा सांगते. मॉडेल १२ च्या नळीवर 'निकेल स्टील' असे कोरलेले असेल तर ती नळी साधारण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. नंतर 'प्रूफ स्टील' हे शब्द आले. 'मॉडेल १९१२' असे नाव असेल तर ती बंदूक पहिल्या काही वर्षांतली. एकेक खूण म्हणजे एकेक साक्षीदार आहे, आणि प्रत्येकाला काय ठाऊक आहे तेवढेच त्याला विचारता येते.

न्यायशास्त्राच्या भाषेत हे अनुमान आहे. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असे म्हणायचे, तर जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती कुठेच मोडता कामा नये. ती मोडली तर हेतू सव्यभिचार ठरतो, आणि त्यावर उभे केलेले अनुमान कोसळते.

रेमिंग्टनच्या नळीवरची खूण याचे उत्तम उदाहरण आहे. नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरजवळ, दोन बारीक अक्षरे असतात. पहिले महिन्याचे, दुसरे वर्षाचे. बारा महिन्यांसाठी कारखान्याने बारा वेगळी इंग्रजी अक्षरे घेतली: जानेवारीला बी, फेब्रुवारीला एल, मार्चला ए, एप्रिलला सी, मेला के, असे करत डिसेंबरला एक्स. पहिली अकरा अक्षरे ओळीने वाचली की 'ब्लॅक पावडर', म्हणजे काळी दारू, हा शब्द तयार होतो. सांकेतिक लिपी कळली की नवशिक्याला वाटते, वय सापडले. पण वर्षाची अक्षरे काही दशकांनी पुन्हा फिरून येतात, त्यामुळे एकच खूण दोन वेगळ्या वर्षांची असू शकते. त्याहून मोठी अडचण अशी की खूण नळीवर आहे, आणि मॉडेल ८७० ची नळी पुढची टोपी फिरवून मिनिटभरात काढता येते. बदकांच्या शिकारीला लांब नळी, झाडीत लहान नळी, असे मालक स्वतःच बदल करत आले. नळीचे वय ते बंदुकीचे वय, ही व्याप्ती लाखो घरांत मोडलेली आहे. हेतू सव्यभिचार. नळी स्वतःपुरते खरे बोलते. तिच्या शब्दावरून सगळ्या बंदुकीचे वय ठरवणाराच चुकतो.

या चुकीची किंमत कधी जीवाने मोजावी लागते. सोळा बोअरच्या कित्येक जुन्या अमेरिकन बंदुकांची काडतुसाची जागा सुमारे ६५ मिलिमीटरची होती; पुढे ७० मिलिमीटरची काडतुसे प्रमाण झाली. लांब काडतूस आखूड जागेत बसून जाते, पण झाडल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याइतका वाढतो. रिसीव्हरवरून बंदूक नवी ठरवली आणि नळी जुनी निघाली, तर चुकीच्या अनुमानाचा धक्का थेट हात आणि डोळ्यांना बसतो. नैयायिकांनी ज्ञानाची परीक्षा सफल प्रवृत्तीत पाहिली, म्हणजे ज्ञानावर भरवसा ठेवून केलेली कृती साधते की नाही यात. त्या कसोटीचा इतका रोखठोक प्रत्यय क्वचितच येतो.

वय मोजायचे तर जन्म कधीचा, हेही ठरवावे लागते. वायोमिंग राज्यातल्या कोडी या गावी असलेल्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. मॉडेल १८९७ च्या नोंदी सुमारे ३ लाख ७८ हजार क्रमांकापर्यंतच्या आहेत. त्यापुढच्या लाखो बंदुकांच्या अशा नोंदी उरलेल्या नाहीत. जॉर्ज माडिस यांनी क्रमांक आणि वर्षे यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि दोन पिढ्यांच्या संग्राहकांनी त्या प्रमाण मानल्या. पुढे कारखान्याच्या पॉलिशिंग विभागातल्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा काही मॉडेल्सची वर्षे माडिस यांच्या यादीशी जुळेनात. पॉलिशिंग विभागाची नोंद सांगते, रिसीव्हरवर क्रमांक कधी ठोकला. गोदामाची नोंद सांगते, तयार बंदूक बाहेर कधी पडली. या दोन घटनांमध्ये महिने जात, कधी वर्षेही. रिसीव्हर क्रमांक घेऊन पेटीत पडून राही आणि मागणी आल्यावर जुळवला जाई.

मग जन्म कोणता? पोलादाला ओळख मिळाली तो दिवस, सगळे भाग एकत्र आले तो, चाचणीची गोळी झाडून प्रमाणाची खूण उमटली तो, की दुकानाकडे रवाना झाली तो? क्रमांक ठोकला तेव्हा समोर होता तो फक्त सांगाडा. त्यातून गोळी सुटू शकत नव्हती. नागसेन म्हणाला असता, तेव्हा रथ नव्हता, नुसती आस होती. अमेरिकेच्या कायद्याने मात्र दुसरी बाजू घेतली.

१९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार रिसीव्हर हीच बंदूक. नळी, दस्ता, चाप, पंपाची मूठ हे सगळे सुटे भाग आहेत आणि पोलादाचा सांगाडा एकटा असला तरी कायद्याच्या नजरेत तो पूर्ण शस्त्र आहे. याच कायद्याने १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या शस्त्रांना पुराणवस्तू मानून नव्या बंदुकांच्या नियमांतून वगळले. मॉडेल १८९७ चे उत्पादन १८९७ मध्ये सुरू झाले, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या बंदुका या रेषेच्या अलीकडे पडतात. दिसायला, हाताळायला, परिणामाला अगदी सारख्या दोन बंदुका. एक कायद्याच्या दृष्टीने पुराणवस्तू, दुसरी शस्त्र.

आणि क्रमांकच नसेल तर? १९६८ पूर्वी अमेरिकेत शॉटगनवर क्रमांक घालण्याची सक्ती नव्हती. सिअर्ससारखी मोठी दुकाने दुसऱ्यांच्या कारखान्यातून बंदुका बनवून घेत आणि आपले नाव घालून विकत. जे. सी. हिगिन्स या नावाची पंप-ॲक्शन खरे तर हाय स्टँडर्ड कंपनीने बनवलेली असे. तिच्यावर पुष्कळदा बंदुकीचा क्रमांक नसतो, फक्त ५८३ ने सुरू होणारा सांकेतिक आकडा असतो. तो बंदुकीचा नव्हे, कारखान्याचा. अशा बंदुकीला बनवणारा आहे, मॉडेल आहे, वर्षांचा एक ढोबळ पट्टा आहे, पण विशेष नाही. तरीही ती एकच होती, एकाच घरात होती, एकाच माणसाने ती खांद्याला लावली. क्रमांकाने ओळख पटते. ओळख निर्माण मात्र क्रमांकाने होत नाही.

मग ओळख कशात? नैयायिकांचे म्हणणे असे की अवयवी हा अवयवांहून वेगळा आणि खरा आहे. एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू ओढली जाते, नुसत्या ढिगाबद्दल असे होत नाही. याच विचाराची दुसरी बाजू कठोर आहे. वस्त्रातला एक धागा काढला तर जुने वस्त्र नष्ट झाले आणि नवे उत्पन्न झाले, असे मानायची या परंपरेची तयारी होती. त्या हिशेबाने दस्ता बदलला की बंदूक नवी. बौद्धांनी टिकाऊ अवयवी मुळातच नाकारला. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरात आणि शेवटच्या प्रहरात तीच नसते, पण वेगळीही नसते. जे आहे ते संतान, एकातून एक उपजत जाणाऱ्या क्षणांची सलग ओळ.

थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये थिसियसच्या जहाजाला एक पीळ दिला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर मूळ जहाज कोणते? त्या काळी ही कल्पना होती. आज अमेरिकेतल्या बंदूक मेळ्यांत ती टेबलावर मांडलेली असते. एका मॉडेल १२ ची नळी दुसऱ्याच रिसीव्हरवर बसलेली, आणि तिचा स्वतःचा रिसीव्हर आणखी कुणाची नळी घेऊन तिसऱ्या राज्यात फिरत असलेला.

या सगळ्यात सर्वांत कठीण परीक्षा खंदक-बंदुकीची. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने मॉडेल १८९७ ला आखूड नळी, तिच्यावर छिद्रे पाडलेले धातूचे उष्णतारोधक कवच आणि संगीन लावायची सोय करून खंदकांत वापरले. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने या शस्त्राविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. अनावश्यक यातना देणारी शस्त्रे वापरू नयेत, या हेगच्या करारातल्या कलमाचा आधार घेतला. अमेरिकेने तो निषेध फेटाळला. ज्या थोड्या बंदुका त्या खंदकांत खरोखर गेल्या, त्यांना आज साध्या शिकारी मॉडेल १८९७ च्या कित्येक पट किंमत येते. म्हणून नकली बनतात. शिकारीची नळी कापायची, नव्याने बनवलेले कवच चढवायचे, 'यूएस' आणि पेटत्या बाँबची सैनिकी खूण ठोकायची. पोलाद विंचेस्टरचेच, वर्ष कदाचित १९१७ चेच, कवच हुबेहूब. डोळ्याला फरक दिसत नाही.

तरी फरक आहे, आणि तो खरा आहे. सॉल क्रिप्के यांनी १९७० च्या व्याख्यानांत मांडले की एखादे टेबल ज्या लाकडातून बनले, त्याऐवजी दुसऱ्याच लाकडातून बनलेले टेबल कितीही तसेच दिसले तरी ते हे टेबल होऊ शकत नाही. उगम वस्तूला चिकटलेला असतो. खंदक-बंदुकीला हा विचार आणखी पुढे न्यावा लागतो. तिथे उगमाइतकेच मधले आयुष्यही वस्तूला चिकटते. एक बंदूक १९१८ मध्ये फ्रान्सच्या चिखलात होती, माणसे मारायला वापरली गेली, दुसरी आयोवाच्या शेतावर कोठाराच्या दाराआड उभी होती. हा भेद त्यांच्या कोणत्याच कणात सापडणार नाही, तो घडून गेलेल्या गोष्टींत आहे. बौद्धांचे संतान इथे उपयोगी पडते: ओळख ही त्या सलग ओळीची, आणि ओळीतला एक मणी खोटा ओवला की पुढचे सगळेच बिघडते.

खोटी खूण ठोकणे ही फसवणूक कशी आहे, हे शब्दप्रमाणाच्या विचारातून नेमके कळते. न्यायमतात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो तसाच सांगू इच्छितो, त्याचा. पोलादावरची खूण म्हणजे कारखान्यातल्या कामगाराने, तपासनीसाने, सैन्याच्या अधिकाऱ्याने उच्चारलेला शब्द. तो माणूस गेला तरी त्याची साक्ष उरते. नकली खूण ठोकणारा एका मेलेल्या साक्षीदाराच्या तोंडी खोटे घालतो. क्रमांक घासून टाकणारा तर साक्षीदाराचे तोंडच बंद करतो. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने कलम ८ मध्ये ओळखखूण पुसणे, बदलणे आणि बनावट करणे यांना मनाई केली. इतकेच नव्हे, अशी बदललेली खूण असलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती बदलली, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. कायदा इथे नैतिकतेच्या फार जवळ उभा आहे.

चांगल्या हेतूनेही ही साक्ष नष्ट होते. आजोबांची गंजलेली बंदूक चमकवण्यासाठी नातू ती मशीनवर घासून नवा निळा ओप देतो. कडा गोल होतात, कोरीव अक्षरे उथळ होतात, पॉलिशने प्रमाणाची खूण अर्धी खाल्ली जाते. बंदूक सुंदर दिसते, पण काय घडले हे सांगण्याची तिची ताकद कायमची जाते. संग्राहक झिजलेला मूळ ओप चकचकीत नव्यापेक्षा मोलाचा मानतात, त्यात पैशाचा हिशेब आहे हे खरे. पण त्या हिशेबाच्या मुळाशी सत्याचा आदर आहे.

जैन आचार्य समंतभद्रांनी सोन्याच्या घटाचे उदाहरण दिले आहे. घट मोडून मुकुट केला, तेव्हा घट हवा असणारा दुःखी झाला, मुकुट हवा असणारा आनंदला, सोने हवे असणाऱ्याला फरक पडला नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर, कारण वस्तूत उत्पत्ती, नाश आणि टिकून राहणे तिन्ही एकदम असतात. नळी बदललेल्या बंदुकीपाशीही असेच तिघे उभे असतात. कायद्याला रिसीव्हर हवा, त्याच्या लेखी ती तीच. शिकाऱ्याला नेम आणि सुरक्षा हवी, त्याच्या लेखी महत्त्वाची नळी. संग्राहकाला कारखान्यातून बाहेर पडलेली जोडी हवी होती, त्याच्या लेखी ती गेली. 'किती जुनी?' या प्रश्नाला एकच वर्ष उत्तर म्हणून देणे हे तिघांपैकी दोघांशी खोटे बोलणे ठरते.

म्हणून जाणकार एका वर्षाऐवजी यादी लिहितो. रिसीव्हर क्रमांकावरून १९५० च्या दशकातला. नळी तिच्या खुणेवरून नंतरची, बदललेली. दस्ता मूळ नाही. ओप पुन्हा दिलेला. काडतुसाची जागा मोजली, ७० मिलिमीटर. आधीच्या मालकांबद्दल कागद नाही. अशा चिठ्ठीची बंदूक स्वस्तात जाते आणि नकली खंदक-बंदूक महाग विकली जाते, तरीही त्या दोहोंत सांगाडा, नळी, दस्ता आणि त्यांची आयुष्ये वेगवेगळी ओळखता येतात ती पहिलीचीच, कारण तिच्या प्रत्येक भागाबद्दल जेवढे ठाऊक आहे तेवढेच कुणीतरी लिहून ठेवले आहे.